खांबाचा फोटो

चहाच्या टपरीवर चाळमालकाने आमचं पत्रक हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं आणि भर गर्दीत मला विचारलं, "बाय, यो खांब हाय का हत्तीचा पाय?"

लोक हसले. हसणाऱ्यांत त्याच चाळीत राहणारे दोघेजण होते. खांब गेला तर पहिला ज्यांच्या डोक्यावर पडेल असे. मालकापेक्षा त्यांचाच मला जास्त राग आला.

पत्रक मी लिहिलं होतं. कॉलेजात असल्यापासून मी आमच्या छोट्या गटाची पत्रकं लिहिते. पहिल्या ओळीत काय चुकतंय, दुसऱ्या ओळीत कोणामुळे, तिसऱ्या ओळीत काय पाहिजे. फुलं-पानं नाहीत. या पत्रकाची पहिली ओळ होती, 'कामतघरच्या चाळीचा खांब फुटलाय आणि खाली लूम चालूच आहेत.' ओळ खरी होती. तिच्याखालचा फोटो मात्र काळा डाग होता. मी काढलेला.

भिवंडीतली ही चाळ अशी की खाली कापड विणायच्या लूमचा कारखाना आणि वर खोल्या. कारखान्यातला एक खांब वर येतो आणि मावशींच्या खोलीच्या कोपऱ्यातून थेट छताला जातो. मावशी माझ्या कोणी नाहीत, सगळी चाळच त्यांना मावशी म्हणते. शहापूरकडच्या गावातून लग्न होऊन इथे आल्या, नवरा याच कारखान्यात लूम चालवायचा, तो गेला, त्या राहिल्या. आता कापडाच्या घड्या घालायच्या कामाला जातात. त्यांच्या ट्रंकेच्या मागे त्या खांबाला तिरकी भेग पडली होती. आगपेटीची काडी आरामात आत जायची. खाली लूम सुरू झाले की मांडणीवरची भांडी आपापसात बोलायला लागायची आणि मावशी म्हणायच्या, "बघ, ड्युटी लागली."

मालक आमच्या शेलार गावचे, लांबच्या भावकीतले. मी त्यांना काका म्हणते. घरी वडील चिडले होते, "घरच्या मानसावर पत्रक कारतंस?" मी म्हटलं, खांब पडताना घरचं-बाहेरचं बघत नाही.

टपरीवर मी काकांना म्हटलं, "हसू नका. तो खांब गेलाय."

"पिलास्टर हाय त्यो. पोपडा."

"आणि नसला तर?"

काकांनी कप खाली ठेवला. "तुमचा कोन तो इंजिनियर हाय ना? त्यानं सांगू दे खांब गेला म्हणून. त्याच दिवशी लूम बंद. सगल्यांसमोर शब्द देतो. पन ह्या हत्तीवर न्हाय."

शब्द दिला तो सगळ्यांनी ऐकला. आता सगळं एका फोटोवर आलं.

आमचे इंजिनिअर म्हणजे ठाण्यात राहणारे एक निवृत्त गृहस्थ, आमच्यासारख्यांना फुकट सल्ला देतात. मी फोन केला. ते म्हणाले, "मला रोज कुठून तरी फोन येतो. सगळीकडे पळालो, तर जी इमारत खरंच पडणार आहे तीच राहून जाईल. प्लास्टरची भेग आणि खांबाची भेग फोटोतही ओळखता येते, पण फोटो तसा पाहिजे. तुम्ही पाठवलंय ते धुकं आहे."

"मोबाईलने काढून पाठवू?"

"नको. तुमचा मोबाईल सगळ्यांना गुळगुळीत करतो. खांबालाही करेल. मला भेगेचे दोन्ही काठ दिसले पाहिजेत. दोन्ही एका पातळीत आहेत की एक पुढे सरकलाय, ते बघायचंय. आणि ती जुनी मेलेली भेग आहे की अजून हलतेय, तेही."

आमच्या गटाकडे एक जुना डीएसएलआर होता आणि त्याला एक लांबलचक झूम लेन्स. ती लेन्स माझी फार लाडकी. मोर्चात रस्त्याच्या या बाजूला उभं राहून त्या बाजूच्या माणसाच्या कपाळावरचा घाम टिपायची. मला वाटायचं, जेवढी लांब लेन्स तेवढा मोठा फोटोग्राफर. पत्रकाच्या फोटोसाठी तीच घेऊन मी मावशींच्या खोलीत गेले होते. बटण दाबलं तर कॅमेरा नुसताच कुरकुरला. फोकस होईना. एक पाऊल मागे गेले, होईना. अजून मागे. उंबरा ओलांडून गॅलरीत आले, कठड्याला पाठ टेकली.

"अजून मागं गेलीस तर खाली पडशील गं," मावशी आतून म्हणाल्या. "खांब राहील आणि तूच जाशील."

गॅलरीतून फोकस लागला, पण खोलीत अंधार. फ्लॅश मारला तर सगळा खांब पांढराफटक, भेग गायब. फ्लॅश बंद करून कॅमेरा स्टॅंडवर ठेवला, तर खालून लूमची धडधड गॅलरीत, गॅलरीतून स्टॅंडमध्ये आणि स्टॅंडमधून फोटोत. पत्रकात छापलेला हत्तीचा पाय तो हाच.

नारपोलीला लग्नाचे फोटो काढणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे लेन्सचं कपाटच आहे. मी गेले तेव्हा तो कोणाच्या तरी हळदीचे फोटो निवडत बसला होता.

"लेन्स पाहिजे? कोणाचा फोटो? नवरी की नवरा?"

"खांबाचा."

"खांबाचा?" त्याने मान वर केली. "बरंय. तो हलू नका म्हटलं तर ऐकेल तरी."

"तोच तर हलतोय," मी म्हटलं.

मग तो गंभीर झाला. माझे फोटो मोठे करून बघत गेला आणि एके ठिकाणी थांबला. "ताई, ही वरची आडवी भेग पण आहे का?"

"नाही. म्हणजे... असेल."

"कारण ती तुमच्या मोर्चाच्या फोटोतही आहे. बघा. आभाळाला भेग. याच जागी." त्याने लेन्स काढून कॅमेऱ्याच्या आत फुंकणी मारली. "कापसाचा तंतू. कारखान्याच्या दारात लेन्स काढली होती ना? भिवंडीत दारात लेन्स बदलायची नाही, कितीदा सांगू लोकांना."

काढली होती. आभाळाला पडलेली भेग मी पत्रकात छापायची तेवढी राहिली होती.

त्याने माझी लाडकी झूम बाजूला सारली. "ही लांबच्यासाठी. खोलीत ही म्हणजे ट्रक गल्लीत घालण्यासारखं." मग एक बुटकी, साधी दिसणारी लेन्स पुढे ठेवली. पन्नास एमएमची. झूम नाही, काही नाही. "जवळ-लांब तुम्ही स्वतः व्हायचं. हिचं तोंड पूर्ण उघडता येतं, अंधारातही काम करते. पण उघडू नका. उघडलीत की भेगेचा एक काठ साफ येईल आणि दुसरा पुसट. तोंड आठ नंबरवर ठेवा."

"मग उजेड कमी पडेल."

"मग शटर सावकाश. खांबाला कुठे लग्नघरी जायचंय? स्टॅंड लावा, बोट लावू नका, टायमर लावा. उजेड बाजूने द्या, समोरून नको. समोरून उजेड म्हणजे मेकअप, सगळं झाकतो. आणि शुक्रवारी काढा."

शुक्रवारी लूमला सुट्टी असते. भिवंडीत जन्मून हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं.

मावशींना निरोप दिला, शुक्रवारी सकाळी येते, खांबाचा नीट फोटो काढायचाय, इंजिनिअर साहेबांना पाठवायचाय.

शुक्रवारी गेले तर चाळ इतकी शांत की कोणाच्या तरी खोलीतल्या टीव्हीवरच्या जाहिराती जिन्यात ऐकू येत होत्या. मावशी दारात ठेवणीतली हिरवी साडी नेसून उभ्या. खोलीत चुन्याचा वास. ट्रंक बाजूला केलेली. आणि कोपऱ्यात खांब. पांढराशुभ्र. अख्खा. भेग नावालाही नाही.

"मावशी, हे काय केलंत?"

"पांढरं सिमेंट भरलं, वरून चुना मारला. बरा दिसतो की नाय?"

मी ओरडले. खरंच ओरडले. तुमच्या जिवासाठी आम्ही वणवण करतो, तुम्ही पुरावाच पुसून टाकता, काका तिकडे हसतील, अख्खं पत्रकच तोंडातून बाहेर आलं. मावशींनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता माझं ऐक. फोटो काढायचाय म्हणलीस. ठाण्याचा सायेब बघणार म्हणलीस. माझं घर फाटकं दाखवू काय सगळ्यांना? तुझ्या त्या कागदात माझी फाटकी भिंत छापलीस, मला इचारलंस? आमच्याकडं फोटो काढायचा तर आधी घर सारवतात."

आमच्या गटात तीन ओळींचं पत्रक कसं लिहायचं ते शिकवतात, ज्याच्या घराबद्दल लिहायचं त्याला विचारायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

"आता आलीच आहेस तर काढ," मावशी म्हणाल्या आणि खांबाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पदर नीट केला. "चुना वाळलाय, टेकले तरी लागणार नाय."

रागातच स्टॅंड लावला. जागा अरुंद, म्हणून स्टॅंडचे पाय फरशीच्या सांध्यांवर बसवले. बाजूच्या खिडकीची फळी मावशींनी उघडली, उजेड बाजूने आला. आठवर ठेवलं, टायमर लावला. मावशी श्वास रोखून उभ्या. फोटो आला तो मी आजवर काढलेला सगळ्यात साफ फोटो. साडीच्या काठाचा धागान्‌धागा, चुन्यावरचा ब्रशचा एकेक फटकारा. भेग सोडून सगळं.

तो त्यांना छापून द्यायचा असं ठरवून मी घरी आले. नारपोलीला लेन्स परत करायला गेले नाही. तोंड दाखवायची इच्छा नव्हती.

पुढच्या आठवड्यात मावशींचा फोन. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"बाय, तो परत आलाय."

"कोण?"

"अगं, तडा. माझ्या चुन्यातनं वर आलाय. त्याच वाटंनं."

संध्याकाळी गेले तेव्हा खाली लूम धडधडत होते. पांढऱ्या खांबावर काळी बारीक रेघ, खालपासून खांद्याइतक्या उंचीपर्यंत. जुन्या मळक्या भिंतीवर जी भेग डोळ्यांना शोधावी लागायची, ती आता दारातून दिसत होती. मावशी तिच्याकडे बघत उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या.

"मी घट्ट भरली होती गं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नीटच भरली होती, मावशी. म्हणूनच कळतंय, खांब अजून हलतोय."

शुक्रवारपर्यंत थांबणं आम्हा दोघींना जड गेलं, पण धडधडत्या फरशीवर काढलेला फोटो पुन्हा हत्तीचा पायच झाला असता. शुक्रवारी स्टॅंडचे पाय त्याच सांध्यांवर बसवले. तीच लेन्स, तीच खिडकी. यावेळी मावशी शेजारी उभ्या राहिल्या नाहीत, टॉर्च घेऊन भिंतीला चिकटून बसल्या आणि उजेड खांबावर आडवा सोडला. आडव्या उजेडात दिसलं. भेगेचा डावा काठ पुढे आला होता आणि उजव्या काठावर त्याची सावली पडली होती. सरळ बघून कळत नव्हतं. एक फोटो पूर्ण खांबाचा काढला, दुसरा लेन्स झेपेल तेवढं जवळ जाऊन, नुसत्या काठांचा.

"मावशी, हे पाठवू? पहिलाही पाठवायला लागेल, तुमचा साडीतला. मध्ये किती फरक पडला ते त्यावरून कळेल."

मावशींनी कॅमेऱ्याच्या पडद्यात स्वतःला निरखून बघितलं. "पाठव. त्यात मी बरी आलेय."

फोटो कॅमेऱ्याच्या कार्डातून मोबाईलवर घेऊन तिथूनच पाठवले. इंजिनिअर साहेबांचा फोन मी जिना उतरायच्या आतच आला. "दोन्ही फोटो एकाच जागेवरून आहेत?"

"एकाच. मध्ये आठवडाभर लूम चालू होते."

"मालक तिथे आहे? त्याला सांगा, उद्या लूम लावायचे नाहीत. मी सकाळी येतो. बाईंना आज तिथे झोपू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. हातोडीने चुना उडवला, आत लोखंड गंजून फुगलेलं. काका मागे उभे. साहेब काही बोलायच्या आधीच काकांनी माझ्याकडे हात केला, "तो फोटो दाखव." मोबाईलवर दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला. फुटला नाही. काठ तसेच साफ.

"माझाच खांब," काका म्हणाले.

मग कामगार जमले. त्यातल्या एका विणकराने विचारलं, "सेठ, हम कहाँ जाएँगे?" मी तोंड उघडणार होते, पण काकाच म्हणाले, शेलारचा गोडाऊन रिकामा आहे, लूम तिकडे हलवू, हलेपर्यंत खाडे धरणार नाही. मी विणकरांकडे वळून विचारलं, "सुना ना सबने?" सगळे म्हणाले, सुना.

दुपारी टेम्पोतून लोखंडी टेकू आले. विणकरांनीच ते वर चढवले आणि येताना मावशींची ट्रंक खाली आणली. खांब नवा होईपर्यंत त्या कल्याणला बहिणीकडे राहणार होत्या. रिक्षात बसताना त्यांनी काकांना विचारलं, "खोली माझीच ना? का दुरुस्तीच्या नावानं दुसऱ्याला द्याल?"

"तुमचीच. कोनाला नाय देत."

"असं तोंडी नको," मी म्हटलं. "पत्रकात छापते. खोली मावशींची, लूम शेलारला, मजुरी चालू. तीन ओळी."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग विणकरांकडे. "छाप," ते म्हणाले.

"आणि ह्या वेळेला," रिक्षातून मावशी म्हणाल्या, "मला आधी वाचून दाखव."

मी कागद काढला आणि रिक्षाच्या दांडीवर टेकून तिथेच पहिली ओळ लिहायला घेतली. रिक्षावाला हॉर्न मारत होता. मावशींनी त्याला थांब म्हणून सांगितलं.