आमचं R आणि आण्णांचा पालाश

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कुणी कधी टाकून देत नाही. कोडमधलं जुनं फंक्शन आणि जुना किस्सा. "राहू दे, लागेल कधीतरी" म्हणत दोन्ही साठत जातात!

सांगलीतलं आमचं छोटं माती परीक्षण केंद्र. शेतकरी माती आणून देतात, लॅब तपासते, आणि आम्ही तिघं R नावाच्या संगणकाच्या भाषेत कोड लिहून खताचा रिपोर्ट काढतो. मी वडूजचा, तेव्हा नुकताच एम.एस्सी. होऊन आलेला, सहा महिने प्रोबेशनवर. शिंदेकाका वाईचे, फौजेतून रिटायर होऊन चाळिशीनंतर R शिकलेले. सुषमा माधवनगरची. आणि सगळ्यांच्या वर मगदूम मॅडम. मला आज जे थोडंफार येतं ते या माणसांचं देणं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

*

पहिल्याच आठवड्यात मी एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलं. त्याच्या पोटात मदतीचं दुसरं, त्याच्या पोटात तिसरं, त्यात चौथं. छाती फुगवून काकांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी एरर! कुठे आला, ते मलाच सापडेना. सकाळ गेली, जेवण राहिलं.

काका शेजारी येऊन बसले. "गड्या, तंबूत तंबू, त्यात आणि तंबू ठोकलाईस. आतल्याला ताप आला तर डॉक्टरनं जायचं कुठनं रं?"

मग त्यांनी चारही फंक्शनं बाहेर काढून 'मदत' नावाच्या वेगळ्या फाईलीत ठेवायला लावली. एका फंक्शनने एकच काम करायचं, आणि ते एकटं चालवून बघता आलं पाहिजे. दहा मिनिटांत चूक सापडली. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. निदान चहाची वेळ होईपर्यंत तरी नाही!

*

सुषमाची तऱ्हाच वेगळी. तिचा कोड तिच्या मशीनवर सुरळीत चालायचा, आमच्याकडे "फंक्शन सापडत नाही" म्हणून आडवा पडायचा. "तुमची मशीनंच कर्मदरिद्री!" असं तिचं ठाम मत.

एका दुपारी तिचा कॉम्प्युटर अपडेट होऊन आपोआप बंद झाला आणि परत चालू झाला. आता तिचाही कोड चालेना! बाईसाहेबांनी ते फंक्शन एकदाच स्क्रीनवर टाईप केलेलं, फाईलीत ठेवलेलंच नाही. R कधी बंदच केलं नव्हतं, म्हणून ते मेमरीत जिवंत होतं.

"अगं, तीन आठवडे बंदच केलं नाहीस?"

"परत सगळं लोड करायचा कंटाळा येतो ना!"

तेव्हापासून रोज सकाळी R कोरं करून सुरू करायचं, हा नियम तिनेच केला. त्या नियमाने माझे किती तास वाचले, काय सांगू!

*

आता माझा पराक्रम. प्रोबेशन संपायला आठवडा राहिलेला. एरर दिसला की मॅडमच्या कपाळाला आठी पडायची. म्हणून मी शहाणपणा केला. कुठे काही अडलं तर गुपचूप शून्य द्यायचं, असं मदतीचं एक फंक्शन लिहिलं. एरर बंद! मॅडम खूश, मी खूश.

चौथ्या दिवशी आण्णा चौगुले, आमचे जुने बागायतदार, रिपोर्ट घेऊन दारात. "आवं मॅडम, माझ्या रानात पालाश शून्य? मग ऊस काय हवेवर वाढला व्हय?"

त्या रिपोर्टवर विसंबून त्यांनी पालाशचं, म्हणजे पोटॅशचं, नको ते खत पोत्यानं टाकलं असतं. मॅडमनी एवढंच विचारलं, "कोड कुणाचा?"

"माझा," म्हटलं. नोकरी गेलीच, हे धरून चाललो. वडूजला घरी काय सांगायचं?

"आण्णांसमोरच शोधा," मॅडम म्हणाल्या. आण्णांना खुर्ची दिली. काकांनी प्रत्येक फंक्शनवर थांबा लावला, म्हणजे कोड पायरीपायरीने थांबतो आणि तिथला आकडा दिसतो. पहिल्या पायरीवर आण्णांचा पालाश '280 किलो'. दुसरीवर तेवढाच. तिसरीवर शून्य.

"थांबा!" आण्णा उठलेच. "हितवर हुता की! हितं कुणी खाल्ला?"

लॅबमध्ये कुणीतरी आकड्यापुढे 'किलो' टाईप केलेलं. R ला तो आकडा वाटेना, आणि त्याने तक्रार करायच्या आत माझ्या फंक्शनने त्याचं तोंड दाबलेलं. पायऱ्या सुट्या होत्या, म्हणून R कशाशी खातात हे माहीत नसलेल्या माणसालाही चूक दिसली. काकांचे हे उपकार मी विसरणार नाही.

रिपोर्ट दुरुस्त झाला. तो आण्णांच्या हातात देताना मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आण्णा, हा प्रोबेशनवर आहे. तुम्हीच सांगा, ठेवू का काढू?"

आण्णांनी मला खालून वर न्याहाळलं.

"ठिवा. ह्याला काढला तर नवा येणार, आन् त्यो बी पयल्यांदा माझ्याच रानावर शिकणार!"