तापमानाचा रकाना

कारखान्याच्या मापाच्या खोलीत बावीस वर्षं घालवलेल्या बाईला माप शिकवायला निघाले! आणि शिकवणार कोण? तर ज्याला मायक्रोमीटर उलटा धरताना तिनंच पाहिलं, तो!

सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणायचा. निवृत्तीच्या पैशांतून मावशींनी बांगड्या केल्या नाहीत. हौसेखातर कॉम्प्युटरवर चालणारं छोटं मिलिंग मशीन घेतलं आणि घरात धुण्याच्या मशीनच्या जागी बसवलं. "बायको मशीनवर, नवरा धुण्यावर," असं यजमान शेजाऱ्यांना सांगत. पण अॅल्युमिनियमचा चुरा घरभर उडाला की झाडूही तेच हातात घेत.

अशात जुन्या कारखान्यानं अॅल्युमिनियमच्या नमुन्याच्या चाळीस कड्या मागवल्या. व्यास साठ मिलिमीटर, चूक चालणार ती फार तर मिलिमीटरच्या एका शतांशाची. पास झाल्या तर काम देण्याच्या यादीत मावशींचं नाव लागणार, नापास झाल्या तर दार कायमचं बंद. तीन आठवडे मावशी त्यातच होत्या. प्रत्येक कडी तीनदा मोजून मगच डब्यात ठेवली. भर दुपारी यजमानांच्या स्कूटरला डबा बांधून नेला आणि देताना बजावलं, "तासभर थंड होऊ द्या, मग मोजा."

कसलं काय! मापाच्या खोलीतल्या आताच्या साहेबानं वीस मिनिटांत चाळीसच्या चाळीस कड्यांवर नापासाचा लाल ठिपका मारला.

"तीन शतांश मोठ्या आहेत, बाई. खेळण्यातल्या मशीनवर खेळणीच होणार."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई! याच तोंडानं हा मावशी मावशी करत मागेमागे फिरायचा. त्यांनी डब्याला हात लावला. पत्रा अजून चटके देत होता. तापला की धातू फुगतो, एवढंही या शहाण्याला आठवू नये?

"थंड झाल्यावर मोज."

"मला वेळ नाही."

"मला आहे." मावशींनी कड्या दगडी टेबलावर मांडल्या, खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. मग तपासणीचा कागद उचलला. "तापमानाचा रकाना कोरा का?"

"तो कुणीच भरत नाही हो."

"मी बावीस वर्षं भरला. पहिल्या दिवशी तुला तोच शिकवला होता."

खोलीतली बाकीची मंडळी माना खाली घालून कान टवकारून होती. साहेबाला ना बाहेर जाता येईना, ना मावशींना उठवता येईना.

तासाभरानं त्यानं एक कडी मोजली. मग दुसरी. तिसरीच्या आधी मायक्रोमीटरचा शून्य तपासला. शून्य बरोबर होता. कड्याही बरोबर होत्या, एकूण एक.

"मावशी..." तो पुटपुटला.

"मावशी घरी! आधी कापड घे आणि ते ठिपके स्वतःच्या हातानं पूस."

त्यानं चाळीसही पुसले. बोटं लाल झाली. मग कागद ओढून तो सही करायला वाकला, तर कोऱ्या रकान्यावर मावशींचं बोट.

"आधी हे भर. मग सही."