चार अक्षरांची खातरजमा

भोरच्या तहसील कचेरीसमोर मी वर्षानुवर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्याचा मान वेल्ह्याच्या डोंगरातून येणारे पक्षकारही राखीत. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या वतीने मांडावे, मोठ्याने वाचून दाखवावे, त्याने ‘बरोबर’ म्हटले की अंगठा घ्यावा, ही माझी रीत.

आमच्या आळीतील भाभींचा थोरला मुलगा तेव्हा जर्मनीत होता. इंटरनेटवरून कुलूपबंद आवाज पाठविणारी संगणकाची प्रणाली तळहाताएवढ्या यंत्रात बसविण्याचे काम त्याच्याकडे होते. सुटीवर आला असता त्याने मला ते समजावून सांगितले. टेबलावरच्या संगणकात ती प्रणाली सुखाने चाले. या यंत्राचा जीव लहान. आवाजाचे तुकडे करणे, प्रत्येक तुकड्यास कुलूप घालणे, पलीकडून आलेल्या तुकड्यांची कुलपे उघडणे, हे सारे एकाच वेळी करताना ते अडखळे आणि शब्द उशिरा पोहोचत. कित्येक महिने तो त्यातील अनावश्यक भाग छाटीत होता.

“वाटेत कोणी चोरून ऐकले तर?” मी विचारले.

“नुसती खरखर ऐकू येईल, काका.”

परत जाताना एक यंत्र तो आईपाशी ठेवून गेला, आणि त्याची गरज लवकरच पडली. त्याच्या बहिणीस पूर्वी सारोळ्याचे स्थळ आले होते. टेलिफोनच्या बूथवरून मुलाशी बोलताना भाभी ‘नवरामुलगा तापट वाटतो’ एवढेच म्हणाल्या. बाकड्यावर बसलेल्यांनी ते संध्याकाळच्या एसटीने सारोळ्यास पोहोचविले. स्थळ मोडले. आता वरव्याहून स्थळ आले होते, आणि त्या मंडळींस शुक्रवारी उत्तर द्यावयाचे होते. थोरल्याशी मोकळे बोलल्याखेरीज भाभी उत्तर देणार नव्हत्या, आणि हेही बोलणे फुटले असते तर मुलीस दुसरे स्थळ मिळणे कठीण होते.

बाजारातील इंटरनेटवाल्याकडे तारेवाचून इंटरनेट पुरविणारा डबा नुकताच आला होता. त्याच्या परसात, चिंचेखाली, यंत्र चाले. पडद्यावर इंग्रजी असल्याने भाभींनी मला सोबत नेले. फोन लागला आणि पडद्यावर चार चिन्हे उमटली.

“अम्मी, तुझ्याकडं काय दिसतंय ते वाच. माझ्याकडं तेच आहे का बघतो,” मुलगा म्हणाला.

मी यंत्र हाती घेतले, घसा साफ केला आणि भाभींच्या वतीने खणखणीत वाचून दाखविले.

पलीकडून हसू आले. “काका, हा अर्ज न्हाई. बोलणार कोण, तुमी का अम्मी?”

“मी भाभींच्या वतीने वाचले.”

“वतीनं चालत न्हाई. मधे कुणी घुसला तर दोन्हीकडं वेगळी अक्षरं दिसतात. म्हणून ज्याच्याशी बोलायचं, त्याच्याच आवाजात ऐकायची.”

“अन् म्या इंग्रजी कुठं शिकले रं?” भाभी म्हणाल्या.

मी ती अक्षरे मराठीत लिहून दिली. भाभींनी बोट ठेवून वाचली, “के. सात. एम. दोन.”

“बरोबर. आता काय बोलायचं ते बोल.”

कुंपणाशी इंटरनेटवाला उभा होता. मी दबक्या आवाजात म्हणालो, “याने सारे ऐकले.”

“ऐकू द्या. ती किल्ली न्हाई, काका. कुलूप नीट बसलंय का, एवढं बघायची खूण आहे. पुढच्या खेपेला दुसरी येईल.”

आमच्या कचेरीत शिक्का पेटीत आणि पेटी कपाटात. येथे खूण परसात मोठ्याने वाचायची, आणि तरीही गुपित अभंग.

“भाऊसाहेब, तुमी जरा तिकडं व्हा,” भाभी म्हणाल्या. “ह्यांनाबी न्या.”

मी इंटरनेटवाल्यास घेऊन रस्त्यावर आलो. दुरून भाभी दिसत होत्या: यंत्र कानाशी धरून येरझाऱ्या घालणाऱ्या, रागे भरणाऱ्या, मध्येच पदराने डोळे टिपून हसणाऱ्या. त्यांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडे, समुद्रापलीकडे जात होता आणि एका माणसाच्या कानाशी पुन्हा सांधला जात होता. आम्हा दोघांना चिंचेचा पालासुद्धा ऐकू येत होता, पण भाभींचा शब्द नाही.

एसटी स्टँडवर लोकांनी मला घेरले. “तुमी हुता की तिथं. काय ठरलं?”

“मला ठाऊक नाही.”

“तुमाला ठाऊक न्हाई? मग ठाऊक हाय कुणाला?”

शुक्रवारी वरव्याची मंडळी आली. भाभींनी ओढणीआड बसलेल्या मुलीकडे एकदा पाहिले आणि स्वतःच्या तोंडाने होकार दिला. नवऱ्यामुलाचे वडील म्हणाले, “भोरातला निरोप एरवी एसटीनं आधीच गावात पोचतो, अन् आज आमी पैल्यांदा हितं बसून ऐकतोय.”