टोपाखालून दिसलेलं धोतर

ढगात, धुक्यात, खाली काही दिसत नसताना नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर विमान चालवायचा परवाना मिळवायला किती दिवस लागले, असं लोक मला विचारतात. मी सात महिने म्हणून सांगतो. खरं तर चार महिन्यांतच होत आलं होतं. उरलेले तीन कशाचे, ते सांगायची आजवर छाती झाली नाही.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. पुण्याकडच्या एका विमानशाळेत आम्ही दोघं हे शिकत होतो. मी कराडच्या खालचा, कृष्णाकाठचा, आणि माझा सोबती पाटणचा. शिकवणारे साहेब सांगलीचे, लढाईत विमान चालवून आलेले. दोन उघड्या बैठकांचं विमान. पुढं साहेब, मागं शिकणारा. शिकणाऱ्याच्या डोक्यावरून सगळ्या बैठकीवर जाड कापडाचा टोप ओढायचा, म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही, समोर फक्त काटे. तसंच सांगलीपर्यंत जायचं आणि परत यायचं. "कान फसवतो, पाठ फसवते, काटा फसवत नाही," साहेब म्हणायचे. टोपाखालचे ठरलेले तास भरले आणि साहेबांचं समाधान झालं, की परीक्षा.

आमचे आबा पहिल्या महायुद्धात तिकडं इराकात, बसऱ्याला होते. तिथं वरच्या विमानाला कळावं म्हणून त्यांची पलटण जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या अंथरायची. मी त्या वाटेनं उडतो हे कळल्यावर म्हाताऱ्याला कोण उल्हास! रोज सकाळी नांगरलेल्या काळ्या रानात धोतर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवायचे आणि विमान जाईपर्यंत मान वर करून उभं राहायचं. मातीनं भरलेलं धोतर रोज धुवावं लागतं म्हणून आई करवादायची.

माझ्या टोपाची डाव्या कोपराशी एक गुंडी तुटलेली होती. दोन बोटांची फट. पहिल्यांदा मी वाकून पाहिलं ते निव्वळ त्या धोतरासाठी. देवाशप्पथ. बाप खाली उभा आहे आणि पोरानं बघूही नये? दिसलं! काळ्या रानात पांढरी रेघ. पण धोतर दिसलं तसं हेही दिसलं, की वाऱ्यानं मी बराच बाजूला सरकलोय. हळूच दिशा सुधारली. साहेब खूश. मग काय, चटकच लागली. जाताना धोतर, येताना कोयनेचा संगम. काट्यांकडं बघायचो मी नावालाच.

पाटणचा सोबती मात्र इमानानं टोपाखाली बसायचा. वाऱ्याचा अंदाज चुकायचा, टोप काढला की भलतीकडंच निघायचा. एक दिवस साहेबांनी माझ्यासमोर त्याला झाडलं. "हा बघ, सुतासारखा सरळ नेतो. तू आणखी आठ दिवसांत सुधारला नाहीस तर घरची वाट धर."

जेवताना त्यानं हळूच विचारलं, "गड्या, तुला कसं रं जमतं? मला बी सांग की."

"सवयीनं जमतं," मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

त्या आठ दिवसांच्या शेवटी दोन दिवसांची रजा मिळाली, घरी गेलो. आबांनी उंबऱ्यातच विचारलं, "दिसतं का रं धोतर?"

"दिसतं की! शुक्रवारी तर तुमी बांधाच्या अलीकडं टाकलं व्हतं."

आबा लहान पोरासारखे हसले. आईला म्हणाले, "बघ, म्हनलं न्हवतं?" जेवायला बसलो आणि मला चेव चढला. टोप कसा असतो, आत कसा अंधार, बाहेरचं तसूभर दिसत नाही, सगळं काट्यांवर, असं मी रंगवून रंगवून सांगत सुटलो. आबांचा हात ताटातच थांबला.

"मंग धोतर कसं दिसलं?"

आई एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायला लागली.

"सायबाला ठावं हाय?"

"न्हाई."

"आमी पट्ट्या टाकायचो त्या वरच्यानं खरं काय ते बघावं म्हनून. तू माज्या धोतरानं सायबाला फसवलंस व्हय?" आबा ताटावरून उठले. दोरीवरचं धोतर काढलं, घडी केली आणि पेटीत ठेवलं. त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

परत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. माझ्या वहीतल्या टोपाखालच्या सगळ्या तासांवर तांबडी रेघ मारली आणि म्हणाले, "पहिल्यापासून." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्याशी तोलून मी त्या पाटणच्याला काल घरी पाठवला. त्याला पत्र लिही. परत ये म्हणावं. आणि का, तेही लिही."

मी पत्र लिहिलं. साहेब परत बोलावतात, ताबडतोब निघ, असं लिहिलं. का, ते लिहिलं नाही. तीनदा लेखणी टेकवली आणि तीनदा उचलली. साहेबांनी विचारलं तेव्हा सगळं लिहिलं म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी त्याचं कार्ड आलं. 'साहेबांचे उपकार आहेत. पण मला तुझ्यासारखं जमणार नाही, उगाच त्यांचा वेळ कशाला घेऊ? तू पास झालास की एकदा विमान आमच्या गावावरून ने. तुझ्या आबांसारखं मी पण रानात धोतर टाकीन.'

तेव्हा तरी दुसरं पत्र लिहायचं! नाही लिहिलं. आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं, असं म्हणणंही खोटंच. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा त्याचं माझ्याबद्दलचं चांगलं मत गमवायची भीती जास्त होती.

तुटलेली गुंडी मी स्वतः शिवली. तीन महिने टोपाखाली खरोखर आंधळा बसलो, शिव्या खाल्ल्या, आणि पास झालो. पुढं पाटणवरून कितीदा तरी गेलो, ढग नसताना, लख्ख उन्हात. एकदाही खाली बघितलं नाही.