माटोळीची चौकट

लोकांना वाटतं मी हेरगिरी करते. कसलं डोंबल! साखळीच्या स्टँडवरून सकाळची बस पकडायची, पणजीला एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जायचं, कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसायचं आणि लोकांनी आपणहून जे इंटरनेटवर टाकलेलं असतं ते वाचायचं. कुणाचा फोन ऐकायचा नाही, कुणाच्या मागे फिरायचं नाही. सगळ्या जगाला दिसतं तेच आम्ही बघतो, फक्त नीट बघतो. या कामाला ‘खुल्या स्रोतांचं संशोधन’ म्हणतात. मी आधी एका छोट्या वर्तमानपत्रात बातम्या तपासायचे, ते बंद पडलं, आणि वर्षावर्षाच्या करारावर इथे लागले. घरात आई आणि मी, दोघीच. नोकरी हवीच होती.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. फोटोतल्या सावलीवरून वेळ काढायची, दुकानाच्या अर्ध्या पाटीवरून गाव शोधायचं. माझ्याइतकं चटकन त्या खोलीत कुणाला जमत नसे आणि मला त्याचा माज होता. शोधलं की चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीच्या शेवटी खात्री किती ते लिहावं लागतं: कमी, मध्यम किंवा उच्च. मी ‘मध्यम’ फारसं लिहीतच नसे.

काजूच्या दिवसांत पेडण्यातलं एक इंटरनेटवरचं पान आमच्या साहेबांच्या डोळ्यांवर आलं. पानाला नाव डोंगराचं, चालवणारा कोण ते कुठेच नाही. त्यावर डोंगरकापणीचे फोटो यायचे. कुठली मशिनं आली, काजूची किती झाडं पाडली, माती कुठल्या ओढ्यात गेली, सगळं तारीखवार. लिहिणाऱ्याची भाषा साधी होती, शिवीगाळ नाही. पण मग एक दिवस त्यानं लिहिलं की आता लोकांनी रस्त्यात बसायला हवं, आणि खाली शंभरेक जणांनी ‘आम्ही येतो’ म्हटलं. साहेब गोव्याबाहेरचे. त्यांना डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, “मॅडम, हे कोण आहे ते मला हवं. आठवड्यात.”

चार दिवस काहीच हाती लागेना. पानवाला हुशार, एका फोटोत माणूस नाही, गाडीचा नंबर नाही. पाचव्या दिवशी मला दिसलं की पान आधी वेगळ्या नावाचं होतं आणि अगदी पहिल्यांदा, दोन वर्षांमागे, त्यावर चवथीचा एक फोटो टाकलेला होता. गणपती फोटोत अर्धाच आलेला, वर माटोळी. आमच्याकडे देवाच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, रानातलं जे जे मिळेल ते बांधतात, ती माटोळी. फोटोत आंबाड्यांच्या मागून चौकटीचा एक कोपरा डोकावत होता आणि त्या कोपऱ्यावर कोरीव काम होतं. कमळ नव्हतं. काजूचं बोंड होतं, खाली बी लोंबणारं.

मी तो कोपरा कापून फोनवर घेतला. फोटो सगळ्यांसाठी खुला होता, त्यामुळे नियम काही मोडला नाही. रविवारी सकाळी आई चहात उंडो, म्हणजे पाव, बुडवून खात होती. मी फोन तिच्यापुढे धरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, अशी चौकट कधी बघितलीस?”

आईनं चष्मा लावला, आणि तिच्या हातातला उंडो तसाच राहिला. “अगो, ही आमच्या बाबांच्या हातची! ह्यो फोटो तुका खय गावलो?”

माझे आजोबा पेडण्यातल्या कोरगावचे सुतार. मला ते आठवतही नाहीत. आई सांगत सुटली. बाबांनी फणसाच्या लाकडाच्या अशा दोनच चौकटी केल्या, सगळे कमळं काढतात म्हणून यांनी मुद्दाम काजू काढले. एक मामाकडे होती, ती वाळवीनं खाल्ली. दुसरी शेजारच्या वाड्यावरच्या एका घराला करून दिली होती. “म्हणजे आसा अजून! मी म्हटलंय, ती पण गेली असतली.” तिचे डोळे भरले होते. मला म्हणाली, “चेडवा, येत्या चवथीक माका थय घेऊन चल हां. एकदा बघून येतंय.”

“चल की,” मी म्हटलं. आणि त्या घराचं नाव विचारून घेतलं.

सोमवारी चिठ्ठी दिली. घर, वाडा, घरात राहणारा माणूस. एकटाच राहतो, चव्वेचाळीस वर्षांचा, पूर्वी डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा, खाण थांबल्यापासून मिळेल ते करतो. चिडायला कारण आहेच, असंही मी वर लिहिलं. खात्री: उच्च. साहेब म्हणाले, “ब्राव्हो.” मी त्या दिवशी आईला मिठाई घेऊन गेले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोनेक आठवड्यांनी सकाळीच मामाचा फोन आला. आई बोलत होती, मी डबा भरत होते. तिचं “अरे देवा, अरे देवा” ऐकू येत होतं. फोन ठेवून ती स्वैपाकघराच्या दारात उभी राहिली.

आधीच्या आठवड्यात त्या घरी पोलीस आले होते. त्या माणसाला ठाण्यात नेऊन दिवसभर बसवलं, फोन काढून घेतला. त्याची सरकारात ड्रायव्हर म्हणून निवड झाली होती, कितीतरी वर्षांच्या खटपटीनंतर. वयाची मर्यादा बघता ही शेवटचीच संधी. आता पोलिसांचा दाखला अडला आणि नेमणूक थांबली. मामानं आणखी एक सांगितलं होतं. पोलिसांच्या हातात फोटो होता. माटोळीचा.

“तू दिलंस?” आईनं विचारलं.

“माझं कामच आहे ते.”

“माका विचारून? माझ्याकडसून घेऊन?” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारीण जनेलातून डोकावली. “माझ्या बापाशीच्या हातचा काम तू पोलिसांक दाखयलंस! आणि मी मूर्ख, हौसेन सांगत बसलंय!”

मीही ओरडले. रस्ता अडवायला निघालेल्या माणसाची बाजू का घेतेस, माझ्या पगारावर घर चालतं ते विसरलीस का, असं नको नको ते बोलले.  मी डबा न घेता बस पकडली.

हापिसात पोचल्यावर पहिल्यांदा ते पान उघडलं. त्यावर आदल्या संध्याकाळचा नवा फोटो होता. त्याआधीच्या शनिवारचाही होता. माणसाचा फोन ठाण्यातल्या कपाटात, माणूस घरी हादरून बसलेला, आणि पान चालूच.  फोन दुसरा असेल, असं मनाला समजावून बघितलं, पण मला खरं काय ते त्याच क्षणी कळलं होतं.

अहो, आमच्याकडे घराचा गणपती म्हणजे काय त्या घरात राहणाऱ्या एकट्याचा असतो? भाऊ वेगळे होतात, कुणी म्हापशाला जातो, कुणी वास्कोला, पण चवथीला सगळे मूळ घरी जमतात. माटोळी सगळ्यांची. फोटो तीस जणांतला कुणीही काढेल. साहेबांना हे माहीत नसणं मी समजू शकते. पण मी? जन्मापासून दर चवथीला हेच करत आलेली मी, फोटोतलं घर ओळखलं आणि लिहून मोकळी झाले की पानही घरातल्याच माणसाचं. उच्च खात्री म्हणे!

साहेबांकडे गेले. म्हटलं, “सर, माझी चूक झाली. तो माणूस नाही.” कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, तेच तर कठीण. म्हणाले, “ठीक आहे. मग कोण?”

“माहीत नाही.”

“मॅडम, वर नाव गेलंय. नुसतं मागे घेतलं तर मला विचारतील की मग कोण. दुसरं नाव द्या, मी आजच्या आज याचं काढतो. त्याचा दाखला उद्या मोकळा.”

दुसरं नाव शोधायला मला जेवणाची सुट्टी पुरली. पानावरचे नवे फोटो बहुतेक शनिवार-रविवारचे. म्हणजे आठवडाभर दुसरीकडे असणारं कुणीतरी. त्या घराच्या माणसांची खाती बघत गेले. त्या माणसाच्या मोठ्या भावाची मुलगी, एकोणीस वर्षांची, म्हापशाला कॉलेजात. तिनं पूर्वी एका स्पर्धेसाठी त्याच डोंगराचा फोटो दिला होता, त्याच जागेवरून, तीच वाकडी फांदी पुढे. सुट्टीला ती काकाकडे यायची. दोघांचे हसरे फोटो होते, स्कूटरवर, काजूच्या भाटात झाडांखाली. काकाला पोलिसांनी उचललं ते आपल्यामुळे, हे तिला कळलं असेल का, मला सांगता येत नाही. मामाच्या सांगण्याप्रमाणे ठाण्यात त्याला तो फोटो दाखवून पानाबद्दल विचारलं होतं आणि त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं.

तिचं नाव मी कागदावर लिहिलं. साहेबांच्या दारापर्यंत गेले. एकोणीस वर्षांची मुलगी ठाण्याच्या बाकावर बसलेली डोळ्यांपुढे आणली आणि माघारी फिरले. कागद फाडला. हे मी मोठं काही केलं असं समजू नका. त्या बदल्यात तिच्या काकाची नोकरी गेली, आणि माझं काहीच गेलं नाही.

मी नवी चिठ्ठी दिली: ‘पूर्वीच्या माहितीबाबत खात्री कमी.’ साहेबांनी ती फाइलला लावली. नाव तसंच राहिलं. पावसाळ्यात नेमणुकीची मुदत संपली आणि ती जागा यादीतल्या पुढच्याला मिळाली. हे मामाकडूनच कळलं. आईनं ते मला भात वाढताना सांगितलं आणि वाढून झाल्यावर आत निघून गेली. त्या दिवसांत ती माझ्याशी तेवढंच बोलायची.

चवथ आली. मला वाटलं, आई आता काही तिथे जायचं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं नेसून तयार. म्हणाली, “तूय चल. तूच म्हटलंस, चल की.”

घर माणसांनी भरलेलं होतं. आई गावची माहेरवाशीण, सगळ्यांची आते. ती कुणाकडे न बघता सरळ देवापुढे गेली आणि मान वर करून चौकट बघत राहिली. चारी कोपऱ्यांना चार बोंडं होती, तेलपाण्यानं काळी झालेली. तिला हात लावायचा होता पण उंची पुरेना. तेव्हा तोच माणूस स्टूल घेऊन आला. “आते, चढ, मी धरतंय,” म्हणाला. ती चढली आणि बोंडावरून बोटं फिरवत राहिली. त्यानं स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं.

मग त्यानं आम्हाला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दिल्या आणि माझ्याजवळ बसला. बारीक झालेला, दाढी वाढलेली. हळूच म्हणाला, “ताई, तू पणजेक सरकारात असतंस ना? जरा बघशीत? माझा नाव कोणी दिल्यान ता?”

आई माझ्याकडे बघत होती. समोर खांबाला टेकून ती मुलगी उभी होती, माटोळीचा फोटो काढायला फोन वर धरलेला.

“मी दिलं,” मी म्हटलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं तो शिव्या देईल, घालवून देईल. त्यानं माझ्या हातातल्या ताटलीकडे बघितलं आणि विचारलं, “मग खरो कोण ता तरी तुका ठावक आसा?”

मुलीचा फोन खाली आला. ती माझ्याकडे बघतेय हे मला कळत होतं. मी तिच्याकडे बघितलं असतं तरी त्याला कळायला पुरे होतं.

“नाही,” मी म्हटलं.

 तो उठला आणि कुणीतरी नवं दर्शनाला आलं होतं त्यांना पाणी द्यायला गेला.

बसमध्ये आई खिडकीशी बसली. साखळी येईपर्यंत एकच वाक्य बोलली, “ता चेडू मगे?” ती मुलगीच ना, असं. मी मान हलवली. तिनं माझा हात हातात घेतला नाही, पण ती सरकूनही बसली नाही.

त्या दिवसापासून ते पान बंद आहे. रस्ता कुणी अडवला नाही. मध्ये एकदा मी त्या बाजूनं गेले तर डोंगराच्या जागी लाल माती आणि पत्र्याचं कुंपण. साहेबांनी फाइल बंद करताना लिहिलं की कारवाई परिणामकारक ठरली, आणि माझा करार आणखी वर्षभरासाठी वाढला. लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत ते पान अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी ते उघडते, पाडलेल्या झाडांचा तोच शेवटचा फोटो बघते आणि अहवालात त्याच्यापुढे लिहिते: नवीन काही नाही.