बोळका नरकासुर

आमच्या कोकणात भुतांची टंचाई कधीच नव्हती. पिंपळावर एक, व्हाळाच्या कडेला एक, आणि वेशीवर देवचार, त्याचा वर्षाचा नारळ ठरलेला. पण त्या सगळ्यांना पत्ता होता आणि वेळ होती. आपण त्यांच्या वाटेला गेलो नाही तर तीही आपल्या वाटेला येत नसत. सकाळच्या लख्ख उन्हात, पाण्याच्या बाटल्या आणि कंपासपेट्यांच्या शेजारी उभं राहून चिमुरड्या पोरांवर हसणारं भूत मी जयपुरात पहिल्यांदा पाहिलं, आणि माझं डोकंच फिरलं.

पत्नी गेल्यावर लेकीने मला वेंगुर्ल्याहून इथे आणलं. ती बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेली. जावई घरीच बसून संगणकावर काम करतो. जवाहर नगरात भाड्याच्या घरात आम्ही चौघं राहतो, आणि त्यातली चौथी म्हणजे माझी चार वर्षांची नात. तिला बालवाडीत सोडणं आणि परत आणणं हे माझं काम. हे काम मिळालं नसतं तर मी इथे टिकलो नसतो, हे मी लेकीला कधी सांगितलेलं नाही, पण तिला ते ठाऊक असावं.

बालवाडी दोन गल्ल्या पलीकडे, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली वह्या, खेळणी, भेटवस्तू, आणि दुकानाच्या दाराला लागूनच वर जाणारा जिना. नात घरात तोंडाची टकळी चालू ठेवते. मराठी, हिंदी, मधेच इंग्रजी, सगळं एकाच वाक्यात. "आजोबा, मतलब तुम्ही ना, मला वो वाला दाखवा." पण त्या जिन्यावर पाऊल ठेवलं की तिचं तोंड मिटायचं. शाळेत ती एक शब्द बोलत नसे. बाई चांगल्या होत्या, म्हणायच्या, थांबू या. आम्ही थांबलो. उन्हाळा गेला, श्रावण गेला, आणि गणपतीच्या सुमारास एके दिवशी तिने बाईंकडे पाणी मागितलं. नुसतं पाणी. मी त्या दिवशी घरी येताना गरमागरम जिलबी घेऊन आलो. दसऱ्यापर्यंत ती तिथे बडबडगीतं म्हणू लागली होती.

आणि दसरा झाल्यावर दुकानदाराने ती हडळ आणली.

बटनावर चालणारी बाहुली, पांढरा झगा, कमरेपर्यंत केस, डोळ्यांत हिरवे दिवे, तोंडात सुळे. जिन्याच्या अगदी पहिल्या पायरीशी उभी. एका बाजूला दिवाळीच्या माळा आणि लक्ष्मीची पावलं विकायला टांगलेली, दुसऱ्या बाजूला ही. समोरून कुणी गेलं की ती हात वर करून गदगदा हलायची आणि खिंकाळल्यासारखी हसायची. आम्ही पोचलो तेव्हा तिने तेच केलं. नातीने आवाजही काढला नाही. तिने माझा पाय धरला आणि ती ताठ झाली. मी वाकून पाहिलं तर तिची चड्डी ओली झाली होती.

"भिया नको गो, मी आसंय," मी म्हणालो आणि तिला उचलून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच आली. तिसऱ्या दिवशी घराच्या फाटकापर्यंत. मग बूट बघितले तरी रडायला लागली. रात्री न्हाणीघरात एकटी जाईना. रोज मी तिला तेच सांगायचो, भिया नको, मी आसंय, आणि ती मान हलवायची, पण पाय उचलायची नाही. मला धसका बसला तो हडळीचा नव्हे. एवढ्या महिन्यांनी उघडलेलं पोरीचं तोंड आता पुन्हा मिटणार, आणि या खेपेला ते कधी उघडेल कुणास ठाऊक, ही माझी भीती होती.

मी दुकानदाराकडे गेलो आणि त्याला फैलावर घेतलं. माझं हिंदी रागात जरा जास्तच मराठी होतं. म्हटलं, "भाईसाहब, ऊपर बालवाडी है, आपको दिखता नहीं क्या? ये क्या जिने के पास ठेवने की चीज है?"

त्याने मला स्टूल दिलं, पाणी दिलं. "अंकल जी, बच्चों के लिए ही तो मँगवाया है. बड़े बच्चे तो फोटो खिंचवाते हैं. महीने के आखिर में वो अंग्रेज़ों का भूतोंवाला त्योहार है, तब तक की बात है, फिर हटा दूँगा. आप गुड़िया को लाओ, मैं बटन बंद कर दूँगा."

माणूस गोड बोलत होता, म्हणून माझा राग अर्धा तिथेच विरघळला आणि उरलेला घेऊन मी घरी आलो. बटनाचं नातीला सांगितलं. ती म्हणाली, "बंद असली तरी ती बघते."

जावयाने शास्त्रीय उपाय केला. तिला मांडीवर घेऊन समजावलं की आत बॅटरी असते, बॅटरीमुळे ती हलते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोरगी शहाणी, तिने ते नीट ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ती टीव्हीच्या रिमोटला हात लावेना. घड्याळ, खेळण्यातली मोटार, माझं रक्तदाब मोजायचं यंत्र, ज्यात ज्यात बॅटरी त्यात त्यात आता हडळ होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मी जेवताना तोंडाचा पट्टा सोडला. कुठल्या देशाचं हे खूळ, पोरांना भिववायचे धंदे, आपल्यात असलं काही नव्हतं. लेक शांतपणे भात कालवत होती. मग म्हणाली, "बाबा, तुमी ल्हान असताना नरकासूर करी होतास मां? तो काय दिसाक बरो होतो?"

आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री पोरं नरकासुर करतात. गवताचं अंग, कागदाचं तोंड, हातभर जीभ, गरगरीत डोळे. वाजत गाजत गावभर फिरवतात आणि पहाटे जाळतात. त्या नरकासुरापुढे ही दुकानातली बाई म्हणजे नवी नवरी.

"त्येची गोष्ट येगळी," मी म्हटलं. "त्येका दुसऱ्या दिसा जाळतत. हिका कोण जाळतलो?"

बोलून गेलो आणि माझ्याच बोलण्याशी अडखळलो. नरकासुराला मी कधी भ्यालो होतो का? भ्यालो होतो, अगदी लहानपणी, आईच्या पदराआड. मग एका वर्षी थोरल्या मुलांनी मला खळ ढवळायला बसवलं आणि जीभ चिकटवायला दिली. ज्या जिभेला आपल्या हाताची खळ लागलीय तिला काय भ्यायचं? त्या वर्षी मी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे होतो.

बालवाडीला दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही नरकासुर करायला घेतला. लेकीने गावच्या नातेवाइकांना पाठवायला इथली निळी भांडी घेतली होती, ती गवतात गुंडाळून आली होती. ते गवत नातीच्या जुन्या फ्रॉकात भरलं. फुग्यावर कागद चिकटवून डोकं केलं. जावयाला मैद्याची खळ शिजवायला लावली, त्याच्या गुठळ्या झाल्या, त्यावरून मी त्याला यथेच्छ छळलं. नात पहिल्या दिवशी दारातूनच बघत होती. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "डोळे मी काढणार."

डोळे तिने हिरवे काढले. एक मोठा, एक लहान. मग म्हणाली, केस लांब पाहिजेत. काळी लोकर आणली. मग पुठ्ठ्याचे सुळे कापायला लावले आणि स्वतः चिकटवले, वर चार, खाली दोन, एक जरा तिरका. ती कुणाला घडवत होती ते मला दिसत होतं. चिकट हात फ्रॉकला पुसत ती कामाला लागली होती आणि तोंडाची टकळी पुन्हा चालू झाली होती.

माझा बेत साधा होता. चतुर्दशीच्या पहाटे गच्चीवर नेऊन त्याला पेटवायचं. पोरीच्या डोळ्यांदेखत राख झाली की भीतीचीही राख होईल.

पहाटे तेल, उटणं, अंघोळ झाली. पायाखाली फोडायला कारीट इथे मिळत नाही, म्हणून भाजीवाल्याकडून काचरी आणली होती. इथले लोक तिची चटणी करतात, आमच्याकडे ती कारिटाच्या जागी गेली. आकाराने रंगाने चुलत बहीणच. डाव्या अंगठ्याने नातीने ती चिरडली आणि 'गोविंदा गोविंदा' अशी ओरडली की खालच्या मजल्यावरच्या घरमालकांचा दिवा लागला. मग आम्ही गच्चीवर गेलो. गारवा पडला होता. मी नरकासुर मधोमध ठेवला आणि काडीपेटी काढली.

"इसको मत जलाओ," नात म्हणाली.

"अगो, जाळूकच होयो. नरकासूर तो."

"तो माझा आहे. त्याला थंडी वाजते." आणि तिने स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून त्याला गुंडाळला.

आता काय करायचं? साठ वर्षांची माझी रीत, नरकासुर न जाळता दिवाळी मी पाहिलेली नाही. मी तिला समजावलं, जरा आवाजही चढवला. लेक म्हणाली, बाबा, रवांदे. पण मी हटून बसलो, आणि नात माझ्याहून हट्टी. शेवटी तिनेच तोड काढली. नरकासुराला मांडीवर घेतलं आणि एकेक करून त्याचे सगळे सुळे उपटले. तिरका होता तो निघेना, तो तिने नखाने खरवडून काढला. मूठभर पुठ्ठा माझ्या हातावर ठेवला. "दात जाळा."

आम्ही दात जाळले. चिमूटभर राख झाली. नातीने नरकासुराकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळच्या घाईत मी कवळी लावायची विसरलो होतो. "आता तो तुमच्यासारखा दिसतो," ती म्हणाली. जावई पाठ फिरवून खोकायला लागला. खाली येऊन आम्ही गोडे पोहे खाल्ले, आणि नरकासुरासाठी एक वाटी मांडावी लागली.

भाऊबीज झाली आणि शाळा उघडली. महिना अजून संपला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम त्या बाजूने फेरी मारून आलो. हडळ होती तिथेच होती. रात्रभर मला नीट झोप लागली नाही. बूट पुढे ठेवले तेव्हा नात रडली नाही, पण म्हणाली, "हा पण येणार." मग नरकासुर तिच्या काखेत आणि तिचा हात माझ्या हातात, अशी आमची वरात निघाली.

कोपऱ्यावर तिची पावलं मंदावली. माझ्या बोटात तिची नखं रुतली. दुकानदाराने आम्हाला येताना पाहिलं आणि तो बटनाकडे धावला, पण त्याच्या आधी हडळीने हात वर केले आणि ती हसली. नात दचकून माझ्यामागे गेली. मी तिला उचलायला वाकलो. तेव्हा ती म्हणाली, "रुको ना, आजोबा."

ती पुढे झाली. हडळीपासून हातभरावर उभी राहिली. तिने नरकासुर वर धरून हडळीला दाखवला. "याचे दात आम्ही जाळले," ती म्हणाली. हळू आवाजात, पण म्हणाली. मग दुकानदाराकडे वळून, "भैया, हिचे पण दाँत निकाल दो. फिर ये रोएगी नहीं."

रडते. आम्ही इतके दिवस ज्याला हसणं म्हणत होतो ते तिला रडणं वाटत होतं, की आता वाटायला लागलं होतं, मला कळलं नाही. दुकानदाराने बटन बंद केलं, हडळीच्या तोंडात हात घातला आणि प्लॅस्टिकची बत्तीशी खरंच बाहेर ओढली. "लो, गुड़िया." नातीने मान डोलावली. नरकासुर माझ्या हातात दिला, आणि जिना चढू लागली. एकटी, कठडा धरून. मागे वळून पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

दुकानदाराने बटन पुन्हा लावलं असावं. मी वळलो मात्र, आणि ती बोळकी बया माझ्या कानाशी अशी काही ओरडली की मी टुणकन उडालो. नरकासुर हातातून सुटून खाली पडला आणि माझ्या तोंडून "अगे आयशी" निघालं.

वरच्या पायरीवर पावलं थांबली. बालवाडीच्या दारातून, बाईंच्या आणि सगळ्या पोरांच्या देखत, त्या जिन्यावर कधी न ऐकलेल्या खणखणीत आवाजात नात ओरडली. हिंदीत नव्हे, तिच्या बाबांच्या शहरी मराठीतही नव्हे.

"आजोबा, भिया नको, मी आसंय!"

"नाय गो भियत," मी म्हटलं, आणि नरकासुर उचलून त्याचा मफलर नीट केला.