शुभांगीची न वाजलेली घंटा

‘ताई गेली...’ शुभांगीच्या भावाचा एवढाच मेसेज आला, तेव्हा मी ऑफिसात चहासाठी उठत होते. ती जाणार हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी परत खुर्चीत बसले, चहाला गेलेच नाही.

ऐरोलीतल्या एका कंपनीत आम्ही दोघी शेजारी बसून सर्व्हर सांभाळायचो. ती खाडीकाठच्या गावातली. वडील मासेमारी करायचे, आई बाजारात मासळी विकायची. बोलणं भरभर, हसणं मोठं. बिघडलेल्या कॉम्प्युटरला ठिगळं लावत बसणं तिला मुळीच आवडायचं नाही. तो कसा हवा, त्यात काय काय हवं, हे ती एका फाइलीत लिहायची आणि एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, चालवायची. ती स्क्रिप्ट अख्खी सिस्टीम नव्यानं बांधून चालू करायची. “हातानं काय काय केलंस ते उद्या तुलाच आठवणार नाही,” असं मला ऐकवायची.

मग तिचीच बोटं कामातून गेली. मज्जातंतूंचा आजार, उपाय नाही... जीभ जड व्हायला लागली तसं तिनं आपलं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं आणि घरच्या कॉम्प्युटरची फाइल लिहायला घेतली. पडद्यावरच्या अक्षरांकडे बघितलं की कॅमेरा तिची नजर वाचणार आणि मशीन तिच्या आवाजात बोलणार. शरीरातलं एकेक काही बंद पडलं की ती फाइल बदलायची. शेवटी शेवटी ती नजरेनं सांगायची, मी टाइप करायचे, स्क्रिप्ट चालवायचे.

एकदा त्या कॉम्प्युटरची डिस्कच गेली. फाइलीची आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाची प्रत माझ्याकडे होती; नवीन मशीन घेऊन मी धावले. तिची आई दारातच म्हणाली, “माजी पोर आतून हाक मारत असंल गो, मना ऐकू येत नाय.” स्क्रिप्ट दोनदा कॅमेऱ्यापाशी अडली. तिसऱ्यांदा सिस्टीम उभी राहिली. शुभांगीनं सावकाश एकेक अक्षर धरलं, आणि खोलीत तिचा आवाज आला, “आई, पाठ खाजव.” आम्ही हसलो, आणि आई तिची पाठ खाजवता खाजवता रडायला लागली.

पडद्याच्या कोपऱ्यात तिनं एक घंटा ठेवली होती. तिकडे नजर लावली की ती वाजायची आणि आई उठायची. दर वेळी उठायची... शेवटच्या महिन्यात शुभांगी मला म्हणाली, “घंटा काढ. आई झोपतच नाही.”

“नाही काढणार.”

“फाइल माझी आहे.”

“असू दे. स्क्रिप्ट मी चालवते ना?”

आई ऐकत होती. “घंटा काडलीस तं मी रोज जागीच बसन,” ती म्हणाली. घंटा राहिली.

शुभांगी गेली त्या दुपारी आईचा खाटेपाशीच डोळा लागला होता. घंटा वाजली नाही. नजर तिथवर पोचली नाही, की तिनं मुद्दामच नेली नाही? काही आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आईनं मला हेच विचारलं. “थकली असेल हो ती,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? मला खरंच माहीत नाही, आणि हे माहीत नसणं काही केल्या मनातून जात नाही.

“तवापासून दुपारची पाठ टेकीत नाय मी,” आई म्हणाली.

“तुम्ही झोपावं म्हणून भांडली ती माझ्याशी. मी आहे इथं. पडा थोडं.”

ती खाटेकडे बघत राहिली. मग हळूच चढली, शुभांगीच्या उशीवर डोकं ठेवलं, आणि बोलता बोलताच तिला झोप लागली. मी दार लोटलं, पंखा कमी केला आणि पायथ्याशी खुर्ची ओढून बसले.